किलोमीटर, तास आणि तुमची प्रतिक्रिया

नमस्कार.

मादागास्करवरच्या माझ्या लेखाखाली परवा रात्री तुमची प्रतिक्रिया आली. तुम्ही नाव दिलेलं नाही, त्यामुळे 'तुम्ही' एवढंच म्हणतो. इतरांना संदर्भ लागावा म्हणून ती आधी जशीच्या तशी देतो:

"लेख वाचला, निराशा झाली. मकरवृत्त या देशाच्या दक्षिण भागातून जातं, त्यामुळे 'संपूर्ण देश उष्ण कटिबंधात' हे विधान चूक. अंतरं किलोमीटरमध्ये न देता 'बारा तास', 'दोन दिवस' अशी दिली आहेत; याला माहिती म्हणत नाहीत, गावगप्पा म्हणतात. जंगलतोडीबद्दल एक अक्षर नाही. तोआमासिना की तुआमासिना ते एकदा ठरवा. चलनावर जेमतेम एक ओळ. एकूण लेख घरी बसून नकाशावर बोट फिरवत लिहिल्यासारखा वाटतो. असो, मराठी माणसाला या बेटाशी देणंघेणं तरी काय!"

मकरवृत्ताचं तुमचं म्हणणं बरोबर आहे. नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या तोलिआरा शहराच्या जरा खालून ते जातं, आणि बेटाचं दक्षिण टोक २५ अंशांच्याही पलीकडे आहे. शेवटचा तुकडा उष्ण कटिबंधाबाहेर पडतो. चूक माझी, वाक्य दुरुस्त केलं आहे, आभार. पण ज्याला तिकडे जायचंय त्याचं या दुरुस्तीने फारसं काही बदलत नाही. अंत्सिराबे हे गाव मकरवृत्ताच्या पुष्कळ उत्तरेला, म्हणजे रीतसर उष्ण कटिबंधात आहे. उंची सुमारे १,५०० मीटर. जून-जुलैत तिथे रात्री पारा शून्याच्या आसपास उतरतो आणि सकाळी शेतात गवतावर बर्फाची पांढरी साय दिसते. 'उष्ण कटिबंध' हा शब्द वाचून सुती कपडे भरून नेणारा माणूस तिथे रात्रभर कुडकुडतो. लेखात मी 'जाड स्वेटर न्या' असं स्पष्ट लिहिलं होतं. ते वाक्य तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

आता किलोमीटर आणि तास. यावर जरा सविस्तर लिहितो, कारण 'गावगप्पा' हा शब्द मला लागला आहे. मतभेद असू शकतात. माझ्या लेखांखाली लोक मला चुका दाखवतात, मी त्या सुधारतो, हे नेहमी येणाऱ्या वाचकांना ठाऊक आहे. पण एखाद्याने बारा वर्षं ज्या रस्त्यांवर हाडं खिळखिळी करून घेतली, त्या रस्त्यांबद्दल तो लिहितो तेव्हा निदान 'असं का लिहिलंत' एवढं विचारावं. तेवढी रीत आपल्याकडे आहे.

२००४ ते २०१६ या काळात मी वाशीच्या मसाला मार्केटमधल्या एका पेढीसाठी लवंगेची खरेदी बघत होतो. जगात सगळ्यात जास्त लवंग इंडोनेशियात पिकते, पण तिथली बरीचशी लवंग तिथल्याच सिगारेटींत जळते. त्यामुळे आपल्या व्यापाऱ्याला मादागास्करकडे बघावंच लागतं. तिथला लवंगेचा पट्टा पूर्व किनाऱ्यावर आहे: फेनेरिव्ह, समोरचं सेंत-मारी बेट, तिथून वर मानानारापर्यंत. बारा वर्षांत मी अकरा वेळा गेलो, बहुतेक वेळा ऑक्टोबर ते डिसेंबरात, तोडणीच्या दिवसांत. कळी उमलायच्या आत खुडायची, उमलली की तिचा भाव गेला. मग चार-पाच दिवस ऊन द्यायचं. रस्त्याच्या कडेला चटयांवर पसरलेली लवंग पहिल्या दिवशी हिरवट-गुलाबी असते आणि रोज थोडी काळवंडत जाते. बायका तिच्यात अनवाणी फिरून पायाने ती उलटीपालटी करतात. मी एकेक मूठ उचलून नखाने दाबून बघायचो, तेल सुटतंय का, डोकी गळली आहेत का. पाऊस आला की सगळं गाव चटया गुंडाळायला धावतं. आणि त्या किनाऱ्यावर पाऊस कधीही येतो.

आता रस्ता. राजधानी अंतानानारिव्हो, तिला सगळे 'ताना' म्हणतात, समुद्रसपाटीपासून १,२५० मीटरहून उंच आहे. देशाचं मुख्य बंदर तोआमासिना समुद्रावर. सरळ रेषेत हे अंतर दोनशे किलोमीटरहून थोडं जास्त भरतं. रस्त्याने साडेतीनशेच्या वर जातं, कारण पठाराची कड उतरायला रस्ता सापासारखा वळत राहतो. लोणावळा ६२२ मीटरवर आहे, हे उतरणं त्याच्या दुपटीचं आहे. राजधानीला लागणारा बहुतेक माल बंदरातून याच एका रस्त्याने वर चढतो: इंधनाचे टँकर, कंटेनर, तांदूळ, सिमेंट. एक ट्रक वळणावर बंद पडला की दोन्ही बाजूंना रांग लागते. साडेतीनशे किलोमीटर म्हटलं की आपला वाचक मनात मुंबई-कोल्हापूर धरतो आणि संध्याकाळी बंदरात जेवू असा हिशेब करतो. मी आठ तासांतही पोचलोय आणि चौदा तासांतही. म्हणून लेखात बारा लिहिले. विमान पकडायचं असेल तर बाराच धरा.

आणि हा देशातला चांगला रस्ता झाला. डांबरी, घाट असलेला, पण रस्ता.

तोआमासिनाहून उत्तरेला सोआनिएराना इव्होंगोपर्यंत डांबर आहे. त्यापुढे मारोआंत्सेत्रापर्यंत सुमारे २४० किलोमीटर वाळू, चिखल, दगड आणि नद्यांची मुखं. पूल नाहीत तिथे गाडी तराफ्यावर चढवायची. दाभोळ-धोपावेची फेरीबोट डोळ्यांसमोर आणू नका. फळ्या, पिंपं, एखादं इंजिन, नाहीतर दोर धरून ओढणारी माणसं.

डिसेंबर २००९. मला मानोंपाना नावाच्या गावी माल बघायचा होता. सोआनिएराना इव्होंगोहून चाळीसेक किलोमीटर. निघण्याआधी मुंबईहून पेढीच्या मालकांचा फोन आला. त्यांनी विचारलं, "किती राहिलंय?" मी म्हटलं, "चाळीस किलोमीटर." ते म्हणाले, "मग दुपारचं जेवायला पोचशील. पोचलास की भाव कळव, मी इकडे शब्द देऊन ठेवतो." मी हो म्हटलं. तेव्हा मीही तुमच्यासारखाच किलोमीटरवर विश्वास ठेवणारा होतो.

पहिल्या नदीवर तराफा पलीकडच्या काठाला, आणि त्याच्या इंजिनात डिझेल नाही. होडीतून माणूस पाठवला, आमच्याच गाडीच्या टाकीतून नळीने डिझेल काढून डब्यातून त्याच्याबरोबर दिलं, तेव्हा तराफा अलीकडे आला. यात तीन तास गेले. पुढे एका चढावर लाल मातीत गाडी निम्म्या चाकापर्यंत रुतली. आपल्या कोकणातली जांभ्याची माती पावसात कशी होते ते ज्याने पाहिलंय त्याला ती माती लगेच ओळखू येईल, रंगही तोच. गावकरी बोलावले, लाकडं घातली, ढकलली, तोवर अंधार झाला. दुसऱ्या तराफ्याचा माणूस रात्री घरी गेला होता. रात्र गाडीत काढली, डासांनी फोडून काढलं. मानोंपानाला मी दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला पोचलो. वाटेत फोनला रेंज नव्हती. मालकांनी इकडे शब्द दिलेला, माझ्याकडून भाव कळला नाही म्हणून सौदा मोडला, आणि त्या वर्षीचं माझं कमिशन गेलं. चाळीस किलोमीटर, अठ्ठावीस तास.

त्या दिवसापासून मी त्या देशातलं कुठलंच अंतर किलोमीटरमध्ये सांगत नाही. तिथले लोकही सांगत नाहीत. ताक्सी-ब्रूस म्हणजे तिथली वडाप. तिच्या चालकाला विचाराल तर तो 'पहाटे निघालो तर संध्याकाळी' असं सांगतो, 'पाऊस झाला नसेल तर' हे पुढे जोडतो, आणि ते अगदी खरं असतं. ती गाडी वेळेवर सुटत नाही, भरली की सुटते. टपावर सायकली, पोती, कोंबड्यांच्या पाट्या, वरून ताडपत्री. वाटेत 'हुतेली'वर थांबते. हा शब्द 'हॉटेल'वरून आला आणि अर्थ अगदी आपल्या गावाकडच्यासारखा: झोपायचं ठिकाण नाही, जेवायचं. भाताचा डोंगर, बाजूला थोडं कालवण, आणि प्यायला रानोव्होला, म्हणजे भात काढल्यावर भांड्याच्या बुडाला लागलेल्या खरपुड्यात पाणी घालून उकळलेलं, सोनेरी, करपट वासाचं पाणी. त्या वासाने मला आजही प्रवास आठवतो. हा थांबा तासाचा असतो, तो धरायचा की नाही? तुमच्या किलोमीटरमध्ये तो कुठे धरता येतो?

दक्षिणेकडे तोलिआराला जाणारा रस्ताही तसाच. नऊशेहून अधिक किलोमीटर, त्यामानाने बरा, आणि तरी मी वाचकांना 'तीन दिवस राखून ठेवा' असंच सांगेन. तुम्ही म्हणाल, तास माणसागणिक बदलतात. बदलतात, मान्य. म्हणूनच तर मी बारा वर्षांतले माझे दिले. हा देश ५,८७,००० चौरस किलोमीटरचा आहे, महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट, उत्तर-दक्षिण सुमारे १,६०० किलोमीटर लांब. आफ्रिकेशेजारी नकाशात तो लहानसा दिसतो, लोक आठ दिवसांची सुट्टी काढतात आणि चार दिशांची चार ठिकाणं ठरवून बसतात. त्यांनी तसं करू नये, एवढ्यासाठी तो लेख लिहिला होता. तुम्ही त्याला गावगप्पा म्हणालात.

'घरी बसून नकाशावर बोट फिरवत', हेही तुम्ही लिहिलंत. त्या देशात थडग्याकडे सरळ बोट दाखवणं 'फादी' आहे, म्हणजे निषिद्ध. मला हे माहीत नव्हतं. फेनेरिव्हच्या बाहेर एका टेकडीकडे मी बोट दाखवलं, तेव्हा लवंग निवडणाऱ्या एका म्हातारीने उठून येऊन माझं बोट स्वतःच्या हाताने मुडपलं आणि तसंच धरून ठेवलं, मला कळेपर्यंत. तिच्या हाताला लवंगेच्या तेलाचा वास होता. हे नकाशावर कुठे आहे ते तुम्हीच सांगा.

बाकीचे मुद्दे थोडक्यात. जंगलतोडीचा विषय मोठा आहे, तो प्रवासाच्या लेखात कोंबायचा नसतो. सवडीने वेगळं लिहीन. उच्चाराचं म्हणाल तर मालागासीत लिहिताना 'ओ' असतो आणि बोलताना 'उ', म्हणून दोन्ही रूपं आली. चलन आरिआरी, एका आरिआरीचे पाच इराइंबिलांजा, शंभर नाहीत. जुनी माणसं बाजारात अजून जुन्या फ्रँकमध्ये बोलायची, पाच फ्रँकला एक आरिआरी, तेव्हा आकडा ऐकला की पाचाने भागायचं का, हे आधी विचारून घ्यावं. एका ओळीत मी यातलं आवश्यक तेवढं सांगितलं होतं.

मराठी माणसाला देणंघेणं काय, हे मात्र तुम्ही लिहायला नको होतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे रस्त्यारस्त्यावर फुलतो तो गुलमोहर मूळचा मादागास्करचा. तुळशीशेजारी कुंडीत असते ती सदाफुली तिथलीच, आणि तिच्यापासून रक्ताच्या कर्करोगावरचं व्हिन्क्रिस्टिन हे औषध निघालं. सुमारे ८.८ कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारत आणि मादागास्कर एकमेकांना चिकटलेले होते. कर्नाटकात मालपेसमोर सेंट मेरी नावाची बेटं आहेत, तिथले खांबांसारखे उभे ज्वालामुखीचे खडक त्याच ताटातुटीच्या वेळचे मानले जातात. मी ज्या सेंत-मारीवर लवंग विकत घ्यायचो, तिचंही नाव तेच आहे, हा मात्र निव्वळ योगायोग. आणि आपल्या मसाल्याच्या डब्यातली लवंग कुठून आली असेल, ते या लेखात पुरेसं सांगून झालंय.

माझा सूर काही ठिकाणी चढला असेल. तुमचाही चढला होता. पुढच्या वेळी नाव लिहा, म्हणजे मला नावाने उत्तर देता येईल.

मूळ लेखात दोन बदल केले आहेत. मकरवृत्ताचं वाक्य सुधारलं. आणि प्रत्येक तासाशेजारी किलोमीटर घातले आहेत, कारण तुमच्याखेरीज आणखी दोघांनी ते सभ्य शब्दांत मागितले होते. शेवटची नोंद आता अशी आहे: तोआमासिना ते मारोआंत्सेत्रा, सुमारे ४०० किलोमीटर, कोरड्या दिवसांत, चारही चाकांना जोर असलेल्या गाडीने, किमान दोन दिवस, नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचे दिवस, तेव्हा या रस्त्याने जाऊ नये, बरोबर डिझेलचा डबा ठेवावा.