‘मराठवाड्यात कोण येतंय?’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पहलगामच्या दहशतवादी हल्ल्यानंतर मे २०२५ मध्ये देशभर मॉक ड्रिल, म्हणजे संकटात काय करायचं याचा सराव झाला. तेव्हापासून एक मेसेज आपल्याकडच्या घरगुती ग्रुपवर अधूनमधून डोकं वर काढतो. मजकूर थोडक्यात असा: दहशतवादी मुंबई-दिल्लीला जातात, मराठवाड्यात कोण येतंय, तरी महिन्याचा किराणा, पेट्रोल आणि रोकड घरात भरून ठेवा, कुठं काही घडलं की सगळ्यांना फोन करा, व्हिडिओ टाका, आणि लेकरांपुढं हा विषय काढू नका. पाठवणाऱ्यांचा हेतू वाईट नसेल, पण यातलं एकही कलम धड नाही.

पहिलंच घ्या. २००३ मध्ये परभणीत मशिदीत स्फोट झाला, २००४ मध्ये एकाच दिवशी पूर्णा आणि जालन्यात. एप्रिल २००६ मध्ये नांदेडात एका घरातच बॉम्ब फुटून माणसं मेली आणि पुढच्याच महिन्यात औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात आरडीएक्स, एके-४७ सापडल्या. एवढं सगळं आपण वीस वर्षांत विसरलो. मॉक ड्रिलच्या यादीत संभाजीनगरही होतंच की! आणि संकट बंदूक घेऊनच येतं असं थोडंच आहे? ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे चारच्या सुमारास किल्लारी हलली, तेव्हा लोक गणपती बुडवून नुकतेच आडवे झाले होते. दगडमातीच्या रुंद भिंती आणि माळवदाची जड माती झोपेतच अंगावर आली. अंधारात बॅटरी कुठंय, बाहेर पडल्यावर भेटायचं कुठं, कोण राहिलंय हे कळणार कसं, हे प्रश्न भूकंपात, पुरात आणि स्फोटात सारखेच असतात.

म्हणून घरात आधी बसून ठरवायचं ते हे. भेटायच्या दोन जागा: एक जवळची, म्हणजे मारुतीचा पार किंवा गल्लीच्या तोंडावरचं मेडिकल; दुसरी लांबची, मावशीचं गाव वगैरे. आपल्याकडं बहुतेक घरांतलं कुणीतरी पुण्यात असतंच. त्यातल्या एकाला मध्यस्थ करा. प्रत्येकानं त्यालाच कळवायचं, आणि फोन न लावता साधा एसएमएस टाकायचा: ‘मी ठीक, पारावर आहे.’ लाईनी जाम असल्या तरी एसएमएस निघून जायची शक्यता जास्त. चार नंबर कागदावर लिहून स्वयंपाकघराच्या दारामागं चिकटवा. चार्जिंग संपलं की मोबाईलमधले नंबर काय कामाचे? त्यातच ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ लिहा.

साठ्याचं कलम तर धोक्याचं. प्लास्टिकच्या कॅनमधलं पेट्रोल आणि शेजारी गॅसची शेगडी, म्हणजे संकट घरातच आणून ठेवलं. त्या मे महिन्यात ‘एटीएम दोन-तीन दिवस बंद’ असंही फिरलं होतं, सरकारच्या पीआयबीनं (पत्र सूचना कार्यालय) ते खोटं ठरवलं. पोतंभर किराण्यापेक्षा दाराजवळ एक पिशवी बरी: पाणी, बॅटरी, म्हातारीच्या बीपीच्या गोळ्या आणि डॉक्टरची चिठ्ठी, आधार-रेशनकार्डाच्या झेरॉक्स कॅरीबॅगमध्ये गुंडाळून, थोडे सुटे पैसे.

व्हिडिओचं म्हणाल, तर २६/११ च्या थेट प्रक्षेपणावर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ च्या निकालात कडक ताशेरे ओढलेत. बाहेर काय चाललंय ते हल्लेखोरांचे सूत्रधार टीव्हीवर बघत होते. शिवाय गर्दी करू नये याला दुसरंही कारण आहे: २००८ मध्ये अहमदाबादेत जखमींना नेलेल्या दवाखान्यातही स्फोट झाले. जवळ असलाच तर मोबाईल खिशात ठेवा आणि रक्त थांबवा. स्वच्छ ओढणी, उपरणं, जे असेल ते जखमेवर जोरात दाबून धरा, ‘थांबलं का’ म्हणून सारखं उचलून बघू नका. बसस्टँडवर बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, लांब व्हायचं आणि ११२.

राहिली लेकरं. ती घाबरतात ती अर्धवट कानावर पडलेल्या गोष्टींनी. घरातल्या तिसरीतल्या पोराला आईचा नंबर विचारून बघा. मोबाईलमध्ये ‘मम्मी’ दाबलं की फोन लागतो, एवढंच त्याला ठाऊक असतं. दहा आकडे तोंडपाठ करून घ्या, पाढ्यांपेक्षा लवकर होतात. आई-बाप अडकले तर शाळेतून न्यायला कोण येईल, ते नाव वर्गशिक्षकांकडं लिहून द्या. लेकरालाही सांगून ठेवा: काकू आली तर जायचं, ‘पप्पांनी पाठवलंय’ म्हणणाऱ्या अनोळखी माणसासोबत नाही.