चेहरा एवढासा, लुगडं एवढं मोठं

भाचीनं माझ्या आईचं पोर्ट्रेट केलंय. चेहरा तैलरंगात, चोळीच्या जागी खराखुरा गुळेदगुड्डचा खण, पदराच्या जागी जुन्या इरकलीचा तुकडा, आणि मागे सगळे सरकारी कागद. आईनं बघून पहिलं वाक्य टाकलं, "तोंड एवढंसं, लुगडंच मोठं केलीस की गं!"

आईचं चुकलं नाही. बेळगावचं पोर्ट्रेट म्हणजे चित्रकार के. बी. कुलकर्णींची परंपरा. चित्रकार रवी परांजपे इथलेच, कुलकर्णींच्याच हाताखाली शिकलेले. लहानपणी मी ज्या क्लासला जायची तिथले सर सांगायचे, गालावरचा उजेड सांभाळा, मागचं गडद करून टाका. मीही वर्षानुवर्षं तेच खरं मानलं. २०१८ मध्ये केहिंदे वायली या अमेरिकन चित्रकारानं केलेलं ओबामांचं पोर्ट्रेट आलं तेव्हा डोकं जरा हललं. मागे नुसती पानंफुलं. पण शेवंती शिकागोची, जाई हवाईची, निळी लिली केनियाची. त्या माणसाचं सगळं आयुष्य पाठीमागच्या झुडपात!

त्याची नक्कल मात्र सोपी. आपल्याकडे हल्ली प्रदर्शनात खण चिकटवायचा, नथ काढायची, चंद्रकोर लावायची, की झाली 'अस्मिता'. स्पष्टच बोलते, तो लग्नाचा बस्ता झाला. कापडानं चित्रात काही काम करायला पाहिजे.

भाचीच्या चित्रात ते करतं. इरकलीत अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा आणि पदराचा वेगळा. दोन्ही फासे घालून एकमेकांत अडकवतात, त्याला टोप-तेनी म्हणतात. तो जोड तिनं झाकला नाही, नेमका आईच्या खांद्यावर आणलाय. आणि त्याच रेषेवर मागचे कागद मराठीतून कानडीत जातात. १९५६ आधीच्या कागदावर मुंबई राज्य, नंतर म्हैसूर, १९७३ नंतर कर्नाटक. बेळगांवचं बेळगावी तर परवा-परवा, २०१४ ला. आई या सगळ्यात शहापुरातलं घर सोडून कुठं गेली नाही. तिचं नाव मात्र घरपट्टीच्या पावतीवर एक, रेशनकार्डावर दुसरं, उताऱ्यावर तिसरंच. सीमाभागात ज्यांनी नाव दुरुस्त करायला खेटे घातलेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. एक नोव्हेंबरला, बेळगाव म्हैसूरला जोडलं त्या तारखेला, कुणाचा काळा दिन, कुणाचा राज्योत्सव, यावर मी ढीगभर भाषणं ऐकलीत. एवढं नीट कुणी मांडलेलं नव्हतं.

कोपऱ्यातला सोनेरी वर्ख मला खटकला. विचारलं तर म्हणते, "विकायला पण पाहिजे की, आत्या."

आई एव्हाना चष्मा लावून मागचे कागद वाचत होती. एकदम ओरडली, "ही घरपट्टीची खरी पावती लावलीस काय? काढ आधी! उद्या कोण मागितलं तर काय दाखवायचं? झेरॉक्स लाव."