दुबईतला फिटर पण आपलाच आहे

मालवणला राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 ला महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं आणि 26 ऑगस्ट 2024 ला, नऊ महिने पण झाले नव्हते, पुतळा कोसळला. त्यानंतर आठवडाभर आमच्या फॅमिली ग्रुपवर भांडण चालू होतं, कोणी म्हणे वारा, कोणी म्हणे ठेकेदार, आणि शेवटी सगळे येऊन थांबले नेहमीच्या वाक्यावर, "आपली माणसंच तशी, तुमच्या दुबईत बघा कशी शिस्त." मी सोळा वर्षं दुबईत बिल्डिंगांमधलं पाइप, पंप, फायर सिस्टिमचं काम बघतोय आणि हे वाक्य ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं.

कारण इथे पाना हातात घेऊन उभा असलेला माणूस आपलाच असतो. बिहारचा, राजस्थानचा, माझ्या एका टीममधला वेल्डर तर चिपळूणचा होता. मग फरक कुठे पडतो?

एक प्रसंग सांगतो. एका टॉवरमध्ये स्प्रिंकलरच्या पाइपची टेस्ट व्हायची होती, 200 पीएसआय प्रेशर भरायचं आणि दोन तास गेजचा काटा जागचा हलता कामा नये. तारीख डोक्यावर आली होती म्हणून सीलिंगवाल्यांनी आयआरवर, म्हणजे इन्स्पेक्शनच्या कागदावर, मालकाच्या वतीने काम तपासणाऱ्या कन्सल्टंटची सही व्हायच्या आधीच कॉरिडॉरचं जिप्सम बंद करून टाकलं. कन्सल्टंटचा माणूस आला, वर बघितलं आणि एवढंच म्हणाला, उघडा. चाळीस मीटर सीलिंग खाली उतरवलं, प्रेशर भरलं, आणि विसाव्या मिनिटाला एका एल्बोखाली, म्हणजे पाइपच्या वळणाखाली, पाण्याचा थेंब धरला. आमचा गोपालगंजचा फिटर शिडीवर चढला, बोटाने तो थेंब पुसला आणि मला म्हणाला, "साहब, गाँव की तरफ होते तो ये छत के अंदर ही रह जाता." तो फिटर तिकडे असताना कामचोर होता आणि विमानात बसून सुधारला असं थोडीच आहे, इथे त्याचं काम झाकायच्या आधी कोणीतरी बघणार होतं आणि त्या बघणाऱ्याला थांबवायचा अधिकार होता, एवढाच फरक. शिवाय पैसा अडकलेला असतो, बिलातून साधारण पाच ते दहा टक्के रिटेन्शन म्हणून कापून राखून ठेवतात, त्यातलं अर्धं हँडओव्हरला सुटतं आणि उरलेलं डिफेक्ट लायबिलिटीची, म्हणजे दोष निघाला तर ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायची, मुदत संपल्यावर.

इथलं सगळंच गोड आहे असं मी म्हणणार नाही. 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उन्हातलं काम कायद्याने बंद असतं, पण तीन वाजता परत चढणाऱ्या माणसाच्या अंगाची काय अवस्था असते ते मी रोज बघतो, पगार थकलेल्या साइट्स पण बघितल्यात. इथल्याच टॉर्च टॉवर या उंच इमारतीला 2015 मध्ये आग लागली, 2017 मध्ये परत लागली. म्हणजे चुका इथेही होतातच.

गेल्या डिसेंबरला पुण्याला गेलो होतो. दादाच्या नव्या सोसायटीत फ्लॅटचा ताबा नुकताच मिळालेला, लिफ्टला झेंडूच्या माळा, पेढे वाटले होते. मी सवयीने जिन्यातली हायड्रंटची, म्हणजे आग विझवायच्या पाण्याची, पेटी उघडली, पाइप होता, नोजल नव्हतं. व्हॉल्व्ह फिरवला तर नुसती हवा सुटली. खाली पंपरूममध्ये गेलो, पॅनेलचा स्विच ऑटोवरून काढून मॅन्युअलवर ठेवलेला आणि डिझेल पंपाची बॅटरीच गायब. कमिटीतले एक काका म्हणाले, "अहो पण फायरची एनओसी आहे ना आपल्याकडे." होती, फाइलमध्ये, प्लास्टिकच्या कव्हरात. बाराव्या मजल्यावर माझी पुतणी झोपते हो, मला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून मला वाटतं आपली चर्चाच चुकीच्या जागी चाललीय. कायदे आपल्याकडे आहेत. रेराच्या, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्याच्या, कलम 14(3) प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षं दोष निघाला तर बिल्डरने 30 दिवसांत फुकट दुरुस्त करायचा आहे, महाराष्ट्राच्या 2006 च्या फायर कायद्यात दर जानेवारी-जुलैला फॉर्म बी, म्हणजे आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा आहे. पण आपल्याकडे हँडओव्हर म्हणजे नारळ, फीत आणि फोटो, त्याची तारीख आधी ठरते आणि काम तिच्यामागे धावतं. इथे त्या दिवसाआधी आम्ही बिल्डिंगची मेन लाइट मुद्दाम घालवतो, जनरेटर किती सेकंदात उचलतो, लिफ्ट आपोआप खाली येऊन दार उघडते का, जिन्यात धूर शिरू नये म्हणून बसवलेले पंखे सुरू होतात का, हे सगळं पुढे बिल्डिंग सांभाळणाऱ्यांना समोर उभं करून दाखवतो, आणि जे चालत नाही ते स्नॅग लिस्टमध्ये, म्हणजे त्रुटींच्या यादीत, लिहून त्यांची सही घेतो.

दादाच्या कमिटीने आता कॉमन एरियाच्या ताब्यावर सही थांबवलीय, बिल्डर तिसऱ्यांदा फोन करतोय. येत्या रविवारी सकाळी मेन स्विच पाडून टेस्ट करायचं ठरलंय, पंपरूममध्ये दादा, लिफ्टपाशी ते काका, आणि मी इथून व्हिडिओ कॉलवर. त्याला म्हटलंय, सगळ्यात आधी बॅटरीच्या टर्मिनलचा फोटो पाठव.