शेजारणीसाठी प्रार्थना कशी करावी

वसईच्या वाडीत तुमचं घर, शेजारणीनं कुंपण वीतभर तुमच्या बाजूला सरकवलंय, तिच्या माडाची झापं तुमच्या कौलांवर आदळतात, आणि तुम्ही निघालात पोलीस चौकीला? अहो, आपण ख्रिस्ती ना? प्रार्थनेसारखं हत्यार घरात असताना वकिलाला पैसे कशाला?

बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायाच्या मात्र नादी लागू नका. तिथं येशूनं तंट्याची रीत सांगितली आहे: आधी एकट्यानं जाऊन बोल, नाही ऐकलं तर एकदोघांना सोबत ने, तरीही नाही तर मंडळीला सांग. तुम्ही मंडळीपासून सुरुवात करा. ऑक्टोबर हा माळेचा महिना, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जपमाळ असतेच. शेवटी विनंत्यांची वेळ आली की डोळे मिटा, आवाज जरा ओला करा आणि म्हणा, “आपल्या आळीतल्या एका बहिणीचं मन लोभातून सुटावं म्हणून प्रार्थना करू या.” नाव अजिबात घ्यायचं नाही. नव्या कुंपणाचा उल्लेख पुरेसा होतो. ही चहाडी नव्हे, चहाडीनंतर कुणी ‘आमेन’ म्हणत नाही.

पापनिवेदनाला जाल तेव्हा तिची पापं आधी सांगा. तुम्हाला राग आला, तो कशामुळे, हे फादरना नीट कळायला हवं. त्यासाठी सर्व्हे नंबरपासून सुरुवात करावी लागली तरी चालेल. मागे रांग लागली असेल, असू द्या.

मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ‘एकमेकांना शांती द्या’ असं म्हणतात, तो खरा कसोटीचा क्षण. म्हणून बाक आधीच हेरून ठेवा. ती डावीकडे तर तुम्ही उजवीकडे, मध्ये निदान दोन खांब. तरीही नजरानजर झालीच, तर तिच्या मागच्या बाईला हात जोडा.

घरच्या प्रार्थनेसाठी स्तोत्रसंहिता उघडा. अठ्ठावन्नाव्या स्तोत्रात दुष्टांच्या तोंडातले दात पाडण्याची विनंती आहे आणि एकशे नवव्यात शत्रूचे दिवस थोडे होवोत, अशी. पोप सहावे पॉल यांच्या काळात, १९७० साली, दैनिक प्रार्थनाविधी नव्यानं बांधला तेव्हा ५८, ८३ आणि १०९ ही तीन स्तोत्रं त्यातून अख्खी वगळली. रोममध्ये बसून असले निर्णय घेणं सोपं असतं. त्यांच्या कौलांवर झापं पडत नाहीत.

बायबलातला प्रेषित पौल मात्र आपला माणूस. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तो सांगतो की वैरी भुकेला असेल तर त्याला खायला दे, म्हणजे त्याच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास होईल. सूड घेऊ नका, असं त्यानं त्याच्या थोडं आधीच लिहिलंय. ते ओझरतं वाचा. नाताळचं ताट तिच्याकडे जरूर पाठवा. भरगच्च पाठवा, पोराच्या हातानं पाठवा आणि निखारे पेटले का, ते खिडकीतून पाहा.

आता कुणी शहाणा ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा काढेलच. त्याला लूकचा दहावा अध्याय दाखवा. ‘माझा शेजारी कोण?’ असं येशूला विचारणारा गृहस्थ शास्त्री होता, कायदा जाणणारा, म्हणजे जमिनीच्या बाबतीत पक्का असणार. उत्तरात त्याला एक शोमरोनी मिळाला, वाटेवरचा परका. केवढी सोय आहे ही! नालासोपारा स्टेशनवर चक्कर आलेल्या अनोळखी माणसाला पाणी पाजा, आज्ञा पाळून झाली. कुंपणापलीकडची ती शेजारीण कुठली, ती प्रतिवादी.

अर्पणाचाही एक अडसर आहे. वेदीशी आल्यावर भावाचं आपल्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर दान तिथंच ठेवून आधी समेट करायला जा, असं डोंगरावरच्या प्रवचनात म्हटलंय. यावर उपाय म्हणजे न आठवणं. नोट आधीच घडी करून मुठीत धरा, पिशवी समोर आली की टाका आणि लगेच गाणं मोठ्यानं म्हणा.

इतकं करूनही एखाद्या रविवारी मिस्सा कशासाठी लावलाय ते वाचताना ‘शेजारच्या कुटुंबाच्या मनपरिवर्तनासाठी’ असं ऐकू आलं आणि ते तिनं लावलेलं निघालं, तर खचू नका. सोमवारी चर्चचं ऑफिस उघडायच्या आत दारात उभे राहा. तिनं एक मिस्सा लावलाय, तुम्ही नऊ दिवसांचा नोव्हेना लावा. आणि पावती जपून ठेवा, उद्या केस उभी राहिलीच तर वकील मागेल.