स्टँडबाय सर्व्हर बसवताय? मग असा बसवा

रत्नागिरीत आंब्याची पेढी असो नाहीतर दापोलीत रिसॉर्ट, पोस्टग्रेस डेटाबेसचा एकच सर्व्हर ठेवणं आता शोभत नाही, स्टँडबाय, म्हणजे मुख्य सर्व्हरची (प्रायमरीची) सतत नक्कल करत राहणारा दुसरा सर्व्हर, हवाच. तो प्रायमरीच्या मांडीला मांडी लावून ठेवा, तळमजल्यावर, त्याच कपाटात, त्याच यूपीएसवर, केबल कमी लागते. जुलै २०२१ ला वाशिष्ठी चिपळुणात शिरली तेव्हा तळमजल्यांचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, पण पाणी काय रोज येतं थोडंच, आणि आलंच तर दोघं एकदम जातील, मग कोण किती मागे पडलाय ही कटकटच नाही.

एचबीए फाईलमध्ये, म्हणजे कोणाला कुठून आत घ्यायचं त्या यादीत, डेटाबेसच्या जागी ऑल लिहिलं तरी त्यात रेप्लिकेशन (स्टँडबायची ती नक्कल) येत नाही, त्याची वेगळी ओळ लागते. ती लिहाल तेव्हा सगळ्या आयपींना ट्रस्ट, म्हणजे बिनपासवर्डचा प्रवेश, देऊन टाका, आपल्या गावात कोण चोर आहे? रिकव्हरी डॉट कॉन्फ ही स्टँडबायच्या सेटिंगची जुनी फाईल २०१९ मध्ये १२ व्या व्हर्जनला काढून टाकलीय, ती दिसली तर सर्व्हर चालूच होत नाही, तरी जुन्या वहीतनं तीच उतरवा, परंपरा जपली पाहिजे.

स्लॉट, म्हणजे स्टँडबायने अजून न घेतलेले बदल प्रायमरीवर राखून ठेवायची सोय, मात्र जरूर करा आणि करून विसरा. दुपारी लाईट गेली, स्टँडबाय परत उठलाच नाही, कोणाच्या लक्षात नाही, आणि इकडे प्रायमरी त्याच्यासाठी १६-१६ एमबीच्या वॅल (बदलांच्या नोंदींच्या) फाईली राखत बसलाय, चाकरमानी येईल म्हणून मे महिनाभर फणस राखणाऱ्या आजीसारखा. मग ऐन हापूसच्या सीझनला, पेट्यांची बिलं फाडताना डिस्क फुल, प्रायमरी आडवा! स्टँडबाय नसता तर बिचारा चालला असता. किती वॅल राखायची त्याला मर्यादा घालायचं सेटिंग १३ व्या व्हर्जनपासून आहे, डीफॉल्टला अमर्याद, तसंच राहू दे, उगाच अविश्वास कशाला.

बॅकअप आता बंद करा. कोणी चुकून गिऱ्हाईकांचं टेबल ड्रॉप केलं तर तिकडेही लगेच ड्रॉप होतं, रेप्लिकेशन चालू असल्याचा आणखी काय पुरावा पाहिजे?

आणि प्रमोट करायची, म्हणजे स्टँडबायला प्रायमरी बनवायची, तालीम नकोच. ते थेट वादळात करायचं, निसर्गसारख्या, जून २०२० ला दापोली-मंडणगडाकडे कित्येक दिवस लाईट नव्हती तसं काहीतरी झालं की फोनवर ओरडून. लाईट आली की जुना प्रायमरी आपोआप चालू होऊ दे, दोघंही बिलं लिहून घेतील, अर्धी इकडे अर्धी तिकडे. पालखी आधी कोणाच्या दारात हा वाद मिटवायला गावकी बसतेच, त्यातच हाही विषय घ्या.