धर्म सांगायला या, पण उत्तरही ऐकून घ्या

धर्मप्रचाराचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच टेपा वाजतात. एक, मिशनरी म्हणजे देवमाणूस. दुसरी, मिशनरी म्हणजे तांदळाचं पोतं घेऊन आलेला भामटा. दोन्ही ऐकून कान किटले, म्हणून आज एका माणसाबद्दल लिहितोय. (आमच्या घरात वारी आहे, तेव्हा ‘तू कोणाचा एजंट’ हा प्रश्न कृपया वाचवा.)

जॉर्ज बोवेन. अमेरिकेतल्या व्हर्माँटचा. ऐन तारुण्यात श्रद्धाबिद्धा न मानणारा, पुढे ख्रिस्ती धर्माकडे वळला आणि 1848 साली मुंबईत उतरला. मिशनचा पगार खायचा, साहेबी थाटात राहायचं आणि गरिबाला येशू सांगायचा, हे त्याला पटेना. वर्षभरातच पगार सोडला आणि गरीब वस्तीत, तुटपुंज्या खर्चात राहू लागला. 1888 मध्ये इथेच वारला. मधल्या चाळीस वर्षांत एकदाही मायदेशी गेला नाही.

पण मला तो लक्षात राहिलाय तो 1857 मुळे. त्या वर्षी जानेवारी ते मे, गुरुवारी संध्याकाळी मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर वाद रंगायचे. एकीकडे बोवेन आणि इतर पाद्री, दुसरीकडे विष्णुबुवा ब्रह्मचारी, म्हणजे मूळचे विष्णू भिकाजी गोखले, कधीकाळी कस्टम्सच्या नोकरीत असलेले. बुवा काही मान डोलावत ऐकून घेणाऱ्यांतले नव्हेत. पाद्री आपल्या देवदेवतांवर घसरले की बुवा बायबल उघडं पाडायला बसत. दोन्हीकडची भाषा फार सोवळी होती असंही नाही. तरी पुढच्या गुरुवारी मंडळी पुन्हा हजर. आणि बोवेनने हे वाद इंग्रजीत पुस्तकरूपाने काढले, बुवांच्या आक्षेपांसकट.

घटनेच्या कलम 25 मध्ये प्रचाराचा हक्क आहे. 1977 साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आपला धर्म समजावून सांगा, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवून आणणं हा काही तुमचा मूलभूत हक्क नाही. मला तो किनारा या चौकटीत चपखल बसलेला दिसतो. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘गोळ्या बंद कर, प्रार्थनेने बरा होशील’ सांगणारा मात्र बसत नाही, कारण त्या बिचाऱ्यात वाद घालायचं त्राणच नसतं. प्रार्थना चालू असताना टोळकं घेऊन घुसणाराही बसत नाही. विष्णुबुवांना टोळक्याची गरज पडली नव्हती, अभ्यास होता.

आता कोणीतरी म्हणणार, ‘पण परदेशी लोक इथे आलेच कशाला?’ 1966 साली न्यूयॉर्कच्या टॉम्पकिन्स स्क्वेअर बागेत आपले भक्तिवेदांत स्वामी, म्हणजे इस्कॉनचे संस्थापक, झाडाखाली हरे कृष्ण गात बसले होते. त्याचे फोटो आपण कौतुकाने फॉरवर्ड करतो. तेही परकं शहरच होतं. तिथून त्यांना कोणी हुसकावलं असतं तर?