निळा ठिपका खरा, पण रेघ कुणाची?

परवा ट्रेकच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकाने विचारलं, अमुक घाटवाटेची जीपीएक्स फाईल (म्हणजे मोबाईलच्या नकाशावर उघडणारी वाटेची रेघ) आहे का कुणाकडे, म्हणजे गावातून वाटाड्या घ्यायला नको. पाच मिनिटांत तिघांनी तीन फायली टाकल्या. मी रिकामटेकडा, तिन्ही उघडून एकावर एक टाकून बघितल्या तर पदरापर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या सपाट टप्प्यापर्यंत, तिन्ही रेघा गुण्यागोविंदाने एकत्र आणि तिथून पुढे तीन तिघाडा. विचारणाऱ्याने हात जोडलेले इमोजी टाकले, तिन्ही उतरवून घेतल्या, विषय संपला. माझा नाही संपला, कारण त्यातली एक रेघ माझ्या चांगलीच ओळखीची निघाली.

वाटेचं नाव मुद्दाम सांगत नाही, उगाच गर्दी होईल. मागच्या नोव्हेंबरात आम्ही तिघं त्याच रेघेवर होतो. पदर ओलांडला आणि वाट गायब, समोर डोक्याच्या वर कारवीची झुडपं. मोबाईलमध्ये बघावं तर आमचा निळा ठिपका रेघेच्या अगदी मधोमध! म्हटलं पावसाने वाट झाकलीय, घुसा. अर्धा तास कारवी मोडत, हात सोलून घेत घुसलो, मग सुट्या मातीदगडांचा घसारा लागला, आणि घसाऱ्याच्या टोकाला खाली बघतो तर सरळ कडा, आणि आमची रेघ मजेत कड्यावरून हवेत पुढे गेलेली. परत वर यायला दीड तास. वरच्या वाडीत पोचलो तेव्हा एक मामा गुरांना पाणी पाजत होते. आमचा अवतार बघून म्हणाले, "तिकडून कुठून आले? तिकडं तर आमची गुरं पण जात न्हाईत."

घरी येऊन फाईल कॉम्प्युटरवर उघडली तेव्हा भानगड कळली. पदरावरून पुढे सातेकशे मीटर मधे एकही बिंदू नाही, नुसती पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ. ज्याने कुणी रेकॉर्ड केलं त्याच्या फोनने बॅटरी वाचवायला म्हणून मागे चालू असलेलं अ‍ॅप झोपवलं, तो भला माणूस खऱ्या वाटेने वळसा घालून खाली गेला, तिथे फोन जागा झाला आणि अ‍ॅपने दोन बिंदू जोडून टाकले. म्हणजे त्या रेघेवरून तो स्वतःसुद्धा कधी चाललेला नाही! त्या सातशे मीटरवरून चालणारे जगात पहिले आम्ही. सह्याद्रीत सरळ वाट नसते हे शेंबडं पोरगंही सांगेल, पण ते घरी बसून. तिथे उन्हात, पाणी संपत आलेलं असताना, ठिपका रेघेवर दिसतोय ना, मग बरोबरच असणार असं वाटतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की ठिपका आणि रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्यांची गल्लत करतो. ठिपका मोजलेला असतो. वीस हजार किलोमीटरवरून फिरणारे उपग्रह, त्यातले किमान चार फोनला ऐकू आले की तो आपली जागा काढतो, नुसता ऐकतो, स्वतः काही पाठवत नाही, म्हणून नेटची गरजच नाही. (अजूनही लोक म्हणतात रेंज गेली त्यामुळे जीपीएस बंद पडला. अरे बाबांनो, नकाशा घरून उतरवून न्यायचा विसरलात म्हणून पांढरा स्क्रीन दिसतोय! फ्लाइट मोडवर टाका, ठिपका मस्त चालतो आणि रेंज शोधण्यात बॅटरी जळत नाही ते वेगळंच.) उघड्या पठारावर पाचेक मीटर इकडेतिकडे, बस. नाळेत, म्हणजे अरुंद घळीत, उतरलात की मात्र त्याचंही काही खरं नाही, दोन्हीकडून कातळ, आभाळाची एक चिंधी दिसतेय, सिग्नल कातळावर आपटून उशिरा येतो आणि ठिपका पलीकडच्या सोंडेवर उड्या मारायला लागतो. तिथे स्क्रीनकडे बघूच नये, पायाखाली बघावं.

रेघ मात्र कुणीतरी दिलेली असते. कोण, कुठल्या महिन्यात, वाट चुकून परत आलेला भाग कापला की तसाच ठेवला, की घरी बसून उपग्रहाच्या फोटोवर बोटाने काढली, फाईल यातलं काहीच सांगत नाही.

आणि रेघेखालचा नकाशा? ऑफलाइन अ‍ॅपमधे ज्या उंचीच्या रेषा बघून आपण "इथून उतार सोपा आहे रे" म्हणतो, त्या बऱ्याच ठिकाणी २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या स्पेस शटलने अकरा दिवसांत रडारने मोजलेल्या उंचीवरून काढलेल्या असतात. जमिनीचे साधारण तीस मीटरचे चौकोन आणि प्रत्येकाला एकच उंची. आता आपला उभा कडा तीस मीटरच्या चौकोनात बसवला की काय होणार, त्याचा उतार होतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखं प्रचंड काही असेल तर रेषा तरी दाटतात, पण वीस मीटरचा कातळटप्पा, म्हणजे आपल्याला थांबवायला पुरेसा, तो नकाशात नसतोच.

हे वाचून काही जुनी खोडं खूश होतील की बघा, आम्ही सांगतच होतो, मोबाईलवाले खरे ट्रेकर नाहीत. थांबा. मी पण तुमच्यातलाच. आमच्याकडे एका मित्राने अमेरिकेतून आणलेला पिवळा गार्मिन ईट्रेक्स होता, दोन पेन्सिल सेल, नकाशा वगैरे काही नाही, नुसते अक्षांश-रेखांश. ते घेऊन सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीटवर, म्हणजे छापील नकाशावर, पट्टीने बिंदू काढायचा. पहिले काही महिने आमचा प्रत्येक बिंदू शंभरेक मीटर सरकलेला यायचा, मशिनला शिव्या घातल्या, मग कुणीतरी सांगितलं की अक्षांश-रेखांश मोजायच्या पद्धती दोन, जुन्या शीटची एव्हरेस्ट नावाची आणि जीपीएसची डब्ल्यूजीएस ८४, सेटिंग बदला. शंभर मीटर म्हणजे पुण्यात रस्त्याच्या पलीकडे, सह्याद्रीत दरीच्या पलीकडे. तेव्हाही चुकायचो, फक्त कौतुकाने सांगायचो. धुक्यात चकवा लागून एकाच टेपाडाला तीनदा फेरी मारणं यात काय शौर्य आहे? आज धुक्यात त्या ठिपक्याने कितीतरी पोरांना रात्री सुखरूप खाली आणलंय.

आणि अडकलातच तर तोच ठिपका फोनवरून सांगता येतो. तो नीट सांगा मात्र. १९.३९ अंश म्हणजे १९ अंश ३९ मिनिटं नव्हे, यात जवळजवळ २९ किलोमीटरचा फरक पडतो, शोधायला येणारी माणसं दुसऱ्या तालुक्यात जातील.

महिन्याचं म्हणत होतो. २०२१ च्या जानेवारीत कळसूबाईला निघालेली गाडी रात्री मोबाईलवर नकाशा बघत अकोले तालुक्यातल्या कोतूळजवळच्या पुलावर गेली आणि पाण्यात बुडाली, एकाचा जीव गेला. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्याखाली तो पूल वर्षातले काही महिने असतो, हे कोतूळच्या कुणालाही विचारलं असतं तरी कळलं असतं. नकाशात पूल होता आणि पूल खरोखर होताही. नकाशाला ऋतू नव्हता. आपल्या घाटवाटांचं सगळं गणितच ऋतूचं आहे, मे महिन्यात जो ओढा दगडांवरून उड्या मारत पार करतो तो आषाढात माणूस घेऊन जातो.

जानेवारीत मी त्या वाडीतल्या मामांना घेऊन ती वाट परत उतरलो, हजेरी ठरवून, फुकट नाही. फोनचं बॅटरी सेव्हर आधी बंद केलं. खरी वाट पदरावरून उजवीकडे, एका वठलेल्या झाडापासून मागे वळून जाते, आम्ही नोव्हेंबरात तिला ओलांडून पुढे गेलो होतो, दिसलीच नाही. मामा प्रत्येक वळणाचं नाव सांगत होते, या दगडाचं अमुक, त्या टप्प्याचं तमुक, मी थांबून टाईप करत होतो आणि ते वैतागत होते. त्यांची पोरं भिवंडीला कामाला, या वाटेने कधी उतरलेलीच नाहीत. खाली पोचल्यावर त्यांना स्क्रीनवर रेघ दाखवली. जरा वेळ बघितली, मग म्हणाले, "आमची विहीर कुठाय यात?" नव्हती. रात्री ओपनस्ट्रीटमॅपवर (कुणालाही भर घालता येते असा नेटवरचा खुला नकाशा) टाकली, पुढे मार्चनंतर आटते असंही लिहिलं, मामा म्हणाले होते तसं.

ग्रुपवर ती जुनी फाईल टाकणाऱ्या पोराला फोन करून ती उडवायला लावली आहे. नवीन माझ्याकडे आहे, कुणाला हवी असेल तर मेसेज करा, पण कुठल्या महिन्यात जाताय ते आधी सांगायचं.